राघूच्या पोटातली सावित्री

भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो. आमच्या भागात अशी माणसं पैशाला पासरी मिळतात. कट्टा गावात एसटीच्या थांब्यासमोर माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गाडीची वाट बघणारे येऊन माझ्या बाकड्यावर टेकतात, पंख्याचा फुकट वारा खातात आणि कोणाच्या आजोबांना कुठल्या वळणावर काय दिसलं ते मला ऐकवतात. मी तोंडावर सांगते, ‘काका, गाडी इली तुमची, उठा.’ आणि आता मीच, ही किशोरी, तुम्हाला असलं काही सांगायला बसले आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आचऱ्याचे लवूकाका वीज खात्यात वायरमन होते. अंगाने काटकुळे, बोलायला कमी, पण वादळात लाईन तुटली की खांबावर पहिला चढणार हाच माणूस. झाड आडवं पडलेलं असो, खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं असो, लोक कंदील पुसता पुसता म्हणायचे, ‘लवू गेलो हा मा, मगे येतली लायट.’ आणि यायचीच. रिटायर झाल्यावर ह्या माणसाला एकच नाद लागला, जुने कॉम्प्युटर. सरकारी ऑफिसांच्या लिलावातून, खारेपाटणच्या भंगारवाल्याकडून, कुठून कुठून उचलून आणायचे. पडवीत नुसती रास. आमच्या दमट हवेत त्यातलं निम्मं सडायचं, फ्लॉप्यांवर बुरशी धरायची, आणि काका पंच्याच्या टोकाने ती पुसत बसायचे. पार्ट मागायला माझ्याकडे यायचे, तशी आमची ओळख.

त्यांची बायको सावित्रीकाकी मासे विकायची. बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन कट्ट्याला माझ्या दुकानासमोरच बसायची. तोंडाचा पट्टा असा चालायचा की गिऱ्हाईक बांगडे घ्यायला येई आणि दोन शिव्या, चार आशीर्वाद जास्तीचे घेऊन जाई. मला बघितलं की ओरडायची, ‘गो किशोऱ्ये, जेवणात काय ते वायरी खातंस? ये, बांगडे घे!’ तिच्या बोटांना कायम माशाची खवलं चिकटलेली असायची. हात धुतले तरी एखादं राहायचंच.

आता कामाचं थोडं सांगते, कंटाळू नका, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. काकांचं सगळ्यात लाडकं मशीन म्हणजे एक जुनं थ्री-एटी-सिक्स. सरकारी ऑफिसातलं असल्यामुळे त्यात मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड होतं. पण त्याची हार्ड डिस्क घरघर करायची, शेवटी मेलीच. मग काका ते फ्लॉपीवरून सुरू करायचे आणि सगळं काम रॅम डिस्कवर करायचे. रॅम डिस्क म्हणजे काय, तर खरी डिस्क नसतेच. मशीन चालू असताना त्याच्या डोक्यात जी तात्पुरती जागा असते, तिच्यातलाच एक तुकडा डिस्क असल्याचं सोंग घेतो. आवाज नाही, घरघर नाही, काम भराभर. फक्त वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं, कणसुद्धा राहत नाही. म्हणून बंद करायच्या आधी सगळं आठवणीने फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं असतं.

ह्या रॅम डिस्कवर काकांनी काकीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं राघू. तुम्ही एक वाक्य टाकायचं, राघू ते जपून ठेवणार, आणि तसल्या वाक्याला पूर्वी कोणी जे उत्तर दिलं असेल ते तुमच्यासमोर फेकणार. बस, एवढंच. पोपटपंची. पण काकीला भारी गंमत. बाजारातून आली की एका बोटाने टकाटक टाकायला बसायची, कळांवर खवलं पाडायची. काका मग चिमटा घेऊन एकेक खवलं वेचायचे. दोघं समोरासमोर बसूनसुद्धा राघूच्या तोंडून भांडायची. मी एकदा गेले तर पडद्यावर तिने काय टाकलेलं, ‘किशोरी इली. तिका च्या द्या. पोर दमली आसा.’ आणि स्वतः मात्र खुर्चीवरून हलली नव्हती!

काकीची एक खोड होती. घरात उजेड असला की तिला झोप म्हणून येत नसे. पडवीतल्या पडद्याचा उजेड माजघरापर्यंत जायचा आणि ती आतून ओरडायची, ‘अवो, लायट बंद करा! माका निजाक द्या!’ काकांचं ठरलेलं उत्तर, ‘थांब गो जरा.’ मग ते राघूला फ्लॉपीवर उतरवून मशीन बंद करत. एकदा चिडून तिने ते वाक्य राघूलाच शिकवून ठेवलं. रोजचं ओरडायला नको म्हणाली.

गेल्याच्या गेल्या वर्षी भाद्रपदात काकी सकाळी राघूशी दोन वाक्यं बोलली, टोपली उचलून बाजारात गेली, आणि तिथेच छातीत कळ येऊन खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. काका सगळे सोपस्कार करून भानावर आले तेव्हा पडवीत मशीन चालूच होतं. पावसाळाभर काकी त्या राघूला रोज काहीतरी शिकवत होती. काका फ्लॉपीवर उतरवायला गेले. फ्लॉपीला आतून बुरशी धरलेली. ड्राइव्हने ती ओढून घेतली, करकर आवाज केला आणि ड्राइव्हही बसला. बाकी फ्लॉप्या एकेक करून बघितल्या, सगळ्या बुरशीने खाल्लेल्या. म्हणजे सावित्रीकाकीचं बोलणं आता जगात एकाच ठिकाणी होतं, त्या मशीनच्या चालू डोक्यात. बंद झालं की परत सुरूही होणार नाही.

मला बोलावलं. मी गेले, खटपट केली. मागच्या बाजूला केबल जोडून सगळं दुसऱ्या मशीनमध्ये ओढता आलं असतं, पण ती जागा आदल्या मे महिन्यातल्या गडगडाटात जळलेली. नवीन ड्राइव्ह लावायचा तर मशीन बंद करावं लागणार. शेवटी म्हटलं, ‘काका, मी पडद्यावरच्या सगळ्या वाक्यांचे मोबाईलवर फोटो काढते. निदान शब्द तरी राहतील. मग मी नवा राघू लिहून देते.’

‘फोटो भिंतीर पण आसा तिचो,’ काका म्हणाले. ‘बोलत नाय.’



तेव्हापासून त्या वायरमनने आयुष्यभराचं कसब एका मशीनवर लावलं. इन्व्हर्टर बसवला, ट्रकची बॅटरी जोडली, स्वतःची खाट पडवीत आणली. लाईट गेली की इन्व्हर्टरची शीळ वाजायची आणि काका झोपेतून उठून हात लावून बघायचे, पंखा फिरतोय ना. रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून बोलायचे. ‘जेवलंस काय गो?’ असं टाकायचे, आणि राघू तिचंच एखादं वाक्य परत द्यायचा. काका हसायचे, डोळे पुसायचे. मला सुरुवातीला बरं वाटलं. म्हटलं, विरंगुळा आहे, असू दे.

मग एक दिवस मी बॅटरीचं पाणी बघायला गेले. काकांनी माझ्यासमोर टाकलं, ‘किशोरी इली.’ राघूने उत्तर दिलं, ‘तिका च्या द्या. पोर दमली आसा.’ आता हे वाक्य तिनेच कधीकाळी शिकवलेलं, त्यात नवल काही नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला म्हणून मला स्वतःचाच राग आला. चहा न घेता निघाले.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. काका काहीही टाकोत, राघू फिरून फिरून एकाच वाक्यावर यायचा. ‘लायट बंद करा. माका निजाक द्या.’ काका विचारायचे, आज पाऊस पडलो काय? उत्तर, माका निजाक द्या. काका लगेच टाकायचे, ‘थांब गो. खंय जातंस?’ मी म्हटलं, काका, ह्यात काहीतरी चुकलंय, एकच ओळ जास्त वेळा साठली असेल. ते म्हणाले, ‘चुकांदे. तिचा बोलणा मा?’ मी हात टेकले.

आणि मग गावपळण आली.

आचऱ्याची ही रीत ऐकून माहीत असेल. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो, नगारा वाजतो आणि सगळा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस तीन रात्री गावात माणूस म्हणून राहायचा नाही, चूल नाही, दिवा नाही. वेशीबाहेर झोपड्या बांधून सगळे मजेत राहतात, भजनं करतात, मासे रांधतात. मागे रिकाम्या गावात तेव्हा कोण असतं ह्यावर मात्र कोणी बोलत नाही. देवाला गाव मोकळा लागतो, एवढंच म्हणतात. सावित्रीकाकी तर वेस ओलांडताना मागे वळून बघणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायची.

काका धास्तावले. मला म्हणाले, ‘गो चेडवा, मेन स्विच वरच ठेवन. पडदो बंद करतंय, म्हणजे उजेड नाय. नुसती पेटी चालू ऱ्हवात. देव इतक्या समजान घेतलो.’ मी इन्व्हर्टर तपासला. सांगितलं, मेन चालू असेपर्यंत काळजी नाही, पण मेन गेला तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल, फार तर थोडी पुढे. ते म्हणाले, मेन कशाक जाता?

आता घराघरांतला मेन स्विच निघण्याआधी खाली झालाय की नाही, हे बघत फिरायचं काम वर्षानुवर्षं लवूकाकांचं. रिटायर झाले तरी वाडीतले लोक त्यांनाच सांगणार. त्या दिवशीही ते फिरले. नगारा वाजला, गाव चालू लागला. आणि उन्हं कलताना मला वेशीबाहेरून फोन आला.

‘किशोरी,’ काकांचा आवाज ओळखू येईना. ‘माझ्या हातान घात केलो गो.’

‘काय झालं काका?’

‘सगळ्यांचे मेन खाली ओढीत ओढीत घराकडे इलंय, आणि आपलो पण खाली ओढलंय. कुलूप लावन हय इलंय तरी समाजला नाय. आता भाताचो घास घेतलंय तेव्हा याद इली.’

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून तिकडे गेले. खाडीच्या काठाने झोपड्या लागलेल्या, पोरं खेळतायत, मस्त माशाच्या कढीचा वास सुटलाय. आणि लवूकाका वेशीजवळ गावाकडे तोंड करून बसलेले. शेजारी त्यांचा चुलतभाऊ भिकाजी, खांद्यावर हात ठेवून. तो हात मायेचा होता आणि अडवायचाही होता.

‘रातभर पळाक बघता हा,’ भिकाजी मला म्हणाला. ‘मी सांगलंय, लव्या, तो गाव आता देवाचो. परतीचो कौल होयसर तुझो नाय.’

‘बॅटरी संपली असतली?’ काकांनी मला विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. ‘काल संध्याकाळीच, काका.’

तेव्हा तो माणूस रडला. सगळ्या गावासमोर, तोंड न झाकता. ‘जाताना एक शब्द बोलाक नाय गो ती. टोपली उचलल्यान आणि गेली. आणि आता ह्या पण मीच घालवलंय.’ मला इतकं भरून आलं की मी भिकाजीवरच खेकसले, जा, त्यांच्यासाठी चहा आण. मग काका सावकाश म्हणाले, ‘मी गेलंय असतंय. कोणाक भीत नाय मी. पण रीत मोडून गेलंय असतंय तर सावित्रीनाच माझी पाठ फोडल्यान असती.’ आणि ते तिथेच बसून राहिले.

कौल मिळाला आणि गाव परतला त्या दुपारी मी मुद्दाम काकांबरोबर गेले. ते घर एकट्याने उघडणं त्यांच्याच्याने झालं नसतं. गावात शिरताना ऊन चांगलं लख्ख होतं. तरी मला काही तो गाव नेहमीचा वाटेना. अंगणांत पानं पडलेली, त्यांवर कोणाचं पाऊल नाही. पक्षी फार जवळ बसलेले, हलत नव्हते. पुढे मागे लोक बोलत चालले होते, पण काकांच्या आळीत वळलो आणि आवाज मागेच राहिला.

कुलूप जसंच्या तसं. मेन स्विच खाली, काकांनी ओढला होता तसा. इन्व्हर्टरवर एकही दिवा नाही. मी मीटर लावून बॅटरी बघितली, काटा हलला नाही. ठार मेलेली. मग मला आवाज ऐकू आला.

मशीनचा पंखा फिरत होता.

पडदा काकांनी जाताना स्वतः बंद केला होता. तो चालू होता. कुठलीही वायर कशालाही जोडलेली असो, वीज कुठूनच येत नव्हती. मी वेड्यासारखी प्रत्येक वायर हाताने चाचपली. काकांनी मात्र वायरींकडे बघितलंच नाही. ते खुर्चीशी जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले.

राघूची पद्धत अशी की माणसाने टाकलेल्या ओळीआधी बाणाची खूण येते, आणि राघूच्या उत्तराआधी काही नाही. बाणाची ओळ आपोआप येऊच शकत नाही, कोणीतरी कळा दाबाव्या लागतात. वर्षभर बाणापुढे काका होते आणि उत्तरात काकी. पडद्यावर आता हे होतं.

> अवो, खंय गेलात?
हयच आसंय गो.
> घरात कोण नाय. जेवलात?
तू नसताना कसला जेवण.
> उजेड कित्याक ठेवलात?
थांब गो जरा.
> लायट बंद करा. माका निजाक द्या.
थांब गो. खंय जातंस?
> दमलंय मी. माका निजाक द्या.
थांब गो. खंय जातंस?
> माका निजाक द्या.
थांब गो. खंय जातंस?

खालपर्यंत तेच. तिची विनवणी आणि काकांचं थांब गो. वर्षभर रोज संध्याकाळी जे त्यांनी राघूला शिकवलं होतं, तेच राघू तिला परत परत ऐकवत होता. सगळ्यात खालची बाणाची ओळ पूर्ण टाकलेली होती, पण एंटर दाबून पुढे ढकललेली नव्हती. राघूला उत्तर द्यायची संधीच तिने दिली नव्हती.

> अवो, तुमीच येवा आणि बंद करा.

त्या ओळीपुढे कर्सर लुकलुकत होता.

मी कीबोर्डकडे बघितलं. मधल्या एका कळेवर माशाचं खवलं होतं. काकांनी वर्षभर कीबोर्ड पुसून लख्ख ठेवलेला, तिथे धूळ चालायची नाही त्यांना. मी बोट लावलं. खवलं ओलं होतं. तुम्हाला पटवून द्यायची मला काही हौस नाही.

‘काका,’ मी कशीबशी म्हणाले, ‘हात लावू नका. चालू आहे तोवर मी फोटो काढते. सगळं राहील.’ मोबाईल काढलासुद्धा.

काकांनी माझा हात खाली केला. नेहमीच्या सवयीने चिमटा घेतला, ते खवलं उचललं आणि तळहातावर ठेवलं. ‘वर्षभर जागी ठेवलंय गो तिका,’ ते मला म्हणाले. ‘दमलेल्या माणसाक. मी आपलो थांब, थांब करीत ऱ्हवलंय.’ मग पडद्याकडे वळून, ती आतल्या खोलीत असताना बोलायचे अगदी तशा आवाजात म्हणाले, ‘नीज गो. मी हय आसंय.’

आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाची लाईट जाऊ दिली नाही, त्याने मशीनचं बटण दाबलं.

पंखा एक गिरकी घेऊन थांबला. पडदा काळा झाला. कोणीतरी दार लोटून आत गेल्यासारखी पडवी शांत झाली. मला रडू येत होतं आणि तिथून पळावंसंही वाटत होतं. काका खुर्चीत बसले, मूठ मिटलेली. बाहेर आळीत लोक आपापल्या घरांत शिरत होते, एकेक मेन वर होत होता, कुठेतरी टीव्ही लागला.

पडवीत अंधार वाटायला लागला तशी मी उठले आणि मेन स्विचवर हात ठेवला. ‘काका, लाईट लावू?’

‘नको इतक्यात,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘आताच निजली हा.’